अवगुंठन आणि सक्ती

‘ललितविस्तर’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात सिद्धार्थाची पत्नी गोपा सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर चेहरा झाकीत नाही. टीका होताच ती स्वतः गाथांतून उत्तर देते : शील शुद्ध असेल, तर अवगुंठन कशाला? तिचा पडदा राजाज्ञेने दूर झाला नाही; तिच्या विवेकाने झाला.

फ्रान्समधील कायद्याची चर्चा ऐकताना आम्हांस ही गोपा आठवते. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास मनाई करणारा तो कायदा ११ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्यात चेहरा झाकणाऱ्या स्त्रीस १५० युरोपर्यंत दंड आहे; तर धाकदपटशाने तो झाकावयास लावणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद व ३०,००० युरोपर्यंत दंड आहे. दुसऱ्या तरतुदीचे आम्ही मनःपूर्वक समर्थन करतो; पहिलीचे करू शकत नाही. जिच्यावर घरात सक्ती होते तिलाच दंड झाला, तर तिला घराबाहेर पडणेही दुरापास्त होईल. जी स्वेच्छेने चेहरा झाकते, तिच्यावर ती नवी सक्तीच ठरेल. ओळख पटविण्यापुरता चेहरा दाखविण्याची अट मात्र रास्तच आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ साली ‘सहजीवना’च्या आधारे ही बंदी वैध ठरविली, स्त्री-पुरुष समानतेचा युक्तिवाद मात्र त्यानेही मान्य केला नाही.

बाबासाहेबांनी पडदापद्धतीवर कठोर टीका केली. ते अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीच्या हातून घडलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्यही आहे. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच : कोणत्याही वेशातील मुलीस शाळेचे दार बंद होऊ देऊ नका. शिकलेली मुलगी आपला निर्णय आपण घेईल.