उन्हाची सवय आणि एकवीस किलोमीटर

दर वर्षी एप्रिल लागला की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक ठरलेला उपदेश फिरू लागतो. उन्हाळ्यात घाम गाळा, हिवाळ्यात फळ मिळेल. खाली कुणाचा तरी घामाने निथळलेला सेल्फी. हा उपदेश मीही दोन उन्हाळे पुढे पाठवला आहे. त्यामुळे दोष द्यायचाच तर सुरुवात माझ्यापासून करते.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराशेजारी एक मैदान आहे. तिथे आम्ही पंधरा-वीस जण धावतो. त्यातले निम्म्याहून जास्त पोलीस भरतीचे. त्यांचं गणित सरळ आहे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८००. उरलेल्या पाच-सात जणांना अर्धमॅरेथॉनचं वेड लागलं, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर सुमारे ९७ मीटर. साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असते. चार महिन्यांची तयारी मागे मोजत गेलं की ती थेट मे महिन्यात जाऊन पडते, आणि मे महिना म्हणजे आमच्याकडे पंचेचाळीस अंश. पहाटे पाचलाही डांबर गरम लागतं.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही रिंग रोडवर बारा किलोमीटरला निघालो. आमच्यात सेंट्रिंगच्या कामावर जाणारा बावीस वर्षांचा एक मुलगा आहे, गटातला सगळ्यात वेगवान. दहाव्या किलोमीटरला तो मागे पडला. मी वळून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला उभा राहून मला विचारत होता, "ताई, माहा डबा कुठी ठेवला?" मला वाटलं, गंमत करतोय. पुन्हा तेच विचारलं तेव्हा कळलं की तो रस्त्यावर नव्हताच, मनाने साइटवर होता. अंगाला घाम होता, कातडी पोळत होती, पाय लटपटत होते. चहाच्या टपरीवाल्या काकांनी पाण्याचा अख्खा ड्रम दिला म्हणून निभावलं. आम्ही त्याच्यावर पाणी ओतत राहिलो, ओल्या गमछाने वारा घालत राहिलो, मग ऑटोतून दवाखान्यात नेलं. पोरगा वाचला. पण मूत्रपिंडांवर ताण आला म्हणून डॉक्टरांनी तीन आठवडे काम बंद करायला लावलं. तीन आठवडे काम बंद म्हणजे तीन आठवडे मजुरी बंद. ती कुणी भरून दिली, हे इथे सांगत बसत नाही.

त्याच्या आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, हे जास्त लागलं. घरी येऊन मी स्वतःला विचारलं, की बाकीच्यांना मी सारखं "पाणी पी, हळू जा, थांब" म्हणत होते, मग ह्याला का म्हटलं नाही? उत्तर लाजिरवाणं होतं. मी मनात धरून चालले होते की हा तर दिवसभर उन्हातच असतो, ह्याला सवय आहे.

समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, शिबिरांमध्ये जातीच्या संरचनेवर तासभर बोलणाऱ्या बाईच्या डोक्यात हे वाक्य होतं. म्हणूनच आज त्यावर लिहायचं आहे.

'सवय' ह्या शब्दात थोडं शास्त्र आहे, ते आधी मान्य करू. रोज थोडा वेळ उष्णतेत व्यायाम केला तर एक ते दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. काही आठवडे खंड पडला की हा फायदा ओसरतो. म्हणजे हा तात्पुरता आणि मर्यादित बदल आहे. त्याला शर्ती आहेत. उष्णतेची मात्रा मोजकी हवी, मधल्या वेळात शरीर थंड व्हायला हवं, गेलेलं पाणी आणि मीठ परत मिळायला हवं आणि झोप हवी.

आता हाच नियम दोन माणसांना लावून बघा. एकजण दिवसभर एसीत बसतो आणि पहाटे तासभर धावतो. त्याच्यासाठी तो तास म्हणजे मोजकी मात्रा. आमचा पोरगा आठ-नऊ तास स्लॅबवर लोखंड उचलतो. रात्री टिनाच्या खोलीत झोपतो, जिथे कूलर शेजारच्या खोलीशी वाटून घेतलेला आहे आणि तोही लाइट असेल तर. अशा टिनाखाली मध्यरात्रीपर्यंत अंग निवत नाही. मग पहाटे तोही तासभर धावतो. कागदावर दोघांचा सराव तंतोतंत सारखा. पहिल्याला त्यातून सवय मिळते, दुसऱ्याला त्यातून मूत्रपिंडाचा आजार मिळू शकतो. ही माझी कल्पना नव्हे. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, उसाच्या फडात राबणाऱ्या धडधाकट तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंडं निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आणि संशोधकांनी त्याचा संबंध उन्हातल्या कष्टांशी आणि पाण्याच्या तुटवड्याशी जोडला. ते मजूर जन्मभर उन्हातच होते. सवयीने त्यांना वाचवलं नाही.

आणि हा शब्द आपल्याला नवा आहे का? गटारात उतरणाऱ्याला वासाची सवय असते. वीटभट्टीवरच्या बाईला धगीची सवय असते. अनवाणी पोरांना चटक्यांची सवय असते. ज्याला त्रास द्यायचा आहे त्याच्या शरीराला तो त्रास होतच नाही असं ठरवून टाकलं की देणारा मोकळा होतो. जात हजारो वर्षं ह्याच सोयीवर चालली. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटलं, तेव्हा त्यात कुणाच्या शरीराने काय सोसायचं ह्याचीही विभागणी होती. तीच विभागणी धावण्याच्या बुटांत पाय घालून आमच्या मैदानावर आली आणि मला ती ओळखता आली नाही.

उन्हाळी सरावाचे जे सल्ले दिले जातात ते चुकीचे नाहीत. पहाटे धावा, भरपूर पाणी प्या, नीट झोपा. फक्त प्रत्येक सल्ल्याच्या पोटात एक घर दडलेलं आहे. त्या घराला पक्कं छत आहे, चोवीस तास पाणी आहे आणि पहाटे करायचं काम दुसरं कुणीतरी करतं. आमच्या गटात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. तिच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ पहाटे पाचला येतो आणि पाऊण तासात जातो. धावायला बरी अशी जी एकच वेळ मे महिन्यात उरते, तीच नळाची वेळ. ती साडेसहाला यायची. तोवर ऊन वर आलेलं असायचं. आम्ही म्हणायचो, हिला शिस्त नाही. शेवटी मी तिच्या घरी गेले. तिच्या भावाला विचारलं, की बाबासाहेबांच्या जयंतीला पुढे नाचतोस, बहिणीचे चार गुंड तू भरलेस तर काय होईल? तो हसला, पण भरायला लागला. आता ती पावणेपाचला मैदानावर असते. अंधारात एकटीने यायला नको म्हणून आम्ही दोघी-तिघी तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतो, कारण तिथला दिवा महिनोन् महिने बंद आहे. तिच्या वेगात जी सुधारणा झाली ती जिद्दीने झाली असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं.

पाण्याचंच आणखी एक. गावोगावच्या भरतीच्या मैदानांवर अजूनही सांगितलं जातं की धावताना पाणी पिऊ नये, पोटात गोळा येतो, दम तुटतो. १९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केलेल्या समाजाची पोरं ही आज्ञा निमूट पाळतात, ह्याचं मला नवल वाटतं. दुसरं टोकही धोक्याचंच आहे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि लांब पल्ल्यावर त्यानेही माणसं कोसळतात. आमच्याकडची हवा मे महिन्यात कोरडी असते. घाम फुटताक्षणी उडून जातो, त्यामुळे आपण घामेजलोच नाही असं वाटतं. नंतर काळ्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात तेव्हा हिशोब कळतो. मुंबईत उलटं, तिथल्या दमट हवेत घाम नुसता गळतो, उडत नाही, आणि न उडालेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून तिथला बत्तीस अंशही हलका समजू नये.

कोणी म्हणेल, एका पोराला चक्कर आली त्याचं एवढं काय. मग झारखंड आठवा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे उत्पादन शुल्क खात्यातल्या शिपायांची भरती होती. पुरुषांना तासाभरात दहा किलोमीटर धावायचं होतं. दमट उकाड्यात त्या भरतीत दहाहून अधिक उमेदवारांचा जीव गेला. कारणांवर वाद झाले. भरती काही दिवस थांबली, सकाळी नऊनंतर धावायला लावू नये असा आदेश निघाला. नऊनंतर धावू नये हे शहाणपण यायला इतकी प्रेतं लागली! मेलेले कोण होते? नोकरीसाठी धावणारे, म्हणजे मध्येच थांबण्याची चैन ज्यांना परवडत नाही ते. हौशी धावकाला गरगरलं तर तो कॅब बोलावतो. भरतीतला पोरगा गरगरलं तरी घड्याळाकडे बघतो.

ह्यावर आमचीच माणसं मला ऐकवतात. ताई, कविता राऊत बघा, आदिवासी पाड्यातली, कष्टात वाढली, म्हणून तर राष्ट्रकुलचं पदक आणलं. तिने २०१० साली दिल्लीत दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, ह्याचा मला अभिमान आहे. पण तिच्या पदकाचं श्रेय तिच्या हालांना का देता? नाशिकमध्ये तिने वर्षानुवर्षं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलं, त्याला द्या. हालांनी पदकं मिळाली असती तर आपल्या प्रत्येक पाड्यात आणि वस्तीत पदकांचे ढीग लागले असते.

दुसरे काही सहकारी वेगळंच विचारतात. अर्धमॅरेथॉन हे मध्यमवर्गाचं खूळ, हजारोंची फी, हजारोंचे बूट, त्यात चळवळीचं काय? शर्यत संपली की रस्त्यावरचे कागदी पेले गोळा करायला आपलीच माणसं असतात, नऊच्या उन्हात. खरं आहे, मी ते पाहिलं आहे आणि पदक गळ्यात असताना मान खाली गेली आहे. पण म्हणून आपल्या पोरींनी फक्त भरतीसाठी ८०० मीटर धावायचं? ज्यातून काहीच मिळत नाही, नोकरी नाही, गुण नाहीत, निव्वळ धावण्याचा आनंद आहे, असे एकवीस किलोमीटर फक्त इतरांनीच धावायचे? मला हा युक्तिवाद मान्य नाही. विरंगुळा हाही हक्कच आहे.

ह्या वर्षी आम्ही सराव बदलला. घड्याळातला वेग मे महिन्यापुरता विसरायचा. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच दमाने धावायचं, बोलणं तुटलं की चालायचं. सुरुवात वीस मिनिटांपासून, दोन आठवड्यांत हळूहळू वाढ. जे दिवसा उन्हात काम करतात त्यांचं अंतर निम्मं, आणि लांब धाव फक्त सुट्टीचा एक दिवस आराम झाल्यावर. त्यांना वेगळ्या उन्हाळी सरावाची गरजच नाही, त्यांना सावलीची आहे. खरी लांब अंतरं जूनअखेर पाऊस पडल्यावर. मैदानावर लिटरभर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं मिश्रण रोज असतं. घरी गेल्यावर अंबील किंवा कैरीचं पन्हं. एका भंगारवाल्याकडून वजनकाटा आणला आहे. धावण्याआधी आणि नंतर वजन करायचं, किलोभर घटलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. आणि एक नियम भिंतीवर खडूने लिहिला आहे: कुणी असंबद्ध बोललं की शर्यत संपली, आधी पाणी ओता, मग दवाखाना. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. मी ती चूक करता करता वाचले.

गटातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी हा नियम वाचून मला विनयपिटकातल्या सोण कोळिविसाची आठवण करून दिली. श्रीमंत घरचा, कोवळ्या पायांचा सोण पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करत राहिला, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचं उदाहरण दिलं. फार ताणलेली तार वाजत नाही, फार सैलही वाजत नाही. एवढी गोष्ट आपल्याला पाठ असते. पुढची कमी सांगितली जाते. बुद्धांनी सोणाला एकेरी तळाची पादत्राणं वापरायची मुभा दिली. सोण म्हणाला, संघातल्या सगळ्यांना मिळणार असतील तरच मी घालीन. आणि ती मुभा सगळ्या भिक्खूंना मिळाली.

सेंट्रिंगवाला पोरगा पुन्हा धावतो आहे. गेल्या रविवारी सात किलोमीटर, मध्ये दोनदा चालत. त्याच्या बुटांचा तळ गेला आहे. आम्ही विहारात डबा ठेवला आहे, पण त्याच्या एकट्यासाठी नाही. सहा जणांचे बूट व्हायला अजून तीन जोड्यांचे पैसे कमी आहेत.