मनोऱ्याची मोजणी
खारघरच्या उत्सव चौकालगत एका गच्चीवरील मोबाइल मनोऱ्याभोवती या आठवड्यात ड्रोन घारीसारखा घिरट्या घालीत होता, आणि खालची मंडळी, लग्नाचे चित्रीकरण समजून, केस सारखे करीत होती. ड्रोनने टिपलेल्या, परस्परांवर ७०-८० टक्के चढणाऱ्या शेकडो छायाचित्रांत एकच बोल्ट अनेक कोनांतून दिसला, की त्याचे स्थान त्रिकोणमितीने निश्चित होऊन संगणकात मनोऱ्याची त्रिमित प्रतिकृती उभी राहते, आणि अँटेनाची उंची, दिशा, कल, एवढेच नव्हे तर गंजही दफ्तरी दाखल होतो. २०२० च्या स्वामित्व योजनेत ज्याने गावठाणे मोजली, त्याच साधनाकडे ही पाहणी सक्तीने सोपवावी. माणसाने कमरेला पट्टा बांधून वर चढावे ते दुरुस्तीपुरतेच, कारण निव्वळ मोजमापासाठी त्याचा जीव टांगणीस लावण्याचा अधिकार कोणासही नाही.