बर्फ कोणाच्या मालकीचा?

वसई-विरारमध्ये बर्फाचे क्रीडांगण उभारण्याचे स्वप्न कोणी दाखवू लागले, तर कष्टकऱ्यांनी प्रथम विचारावे : त्या बर्फावर कोणाची मुले खेळणार? खाडीपलीकडे गोराईला १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाचे रिंगण होते; परंतु तेथे प्रवेश तिकिटाचा. २०२२ साली तेही उद्यान बंद झाले. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून रिंगण बांधले गेले. सोहळा आटोपला आणि देखभालीअभावी ते वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. लडाखमध्ये मात्र गोठलेल्या तळ्यांवर गावची मुले विनामूल्य खेळत आली. २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला आइस हॉकी संघात बहुसंख्य मुली तेथल्याच होत्या. रोज खुले असणारे मैदानच खेळाडू घडविते, याचा हा रोकडा पुरावा आहे.

वसईच्या उकाड्यात तळी गोठत नाहीत. येथील चाळींतल्या मुलांना कबड्डी, खो-खो आणि फुटबॉलसाठी मोकळी जमीन हवी. २००९ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेने मैदानांसाठी राखलेला प्रत्येक भूखंड प्रथम मुलांच्या स्वाधीन करावा. तोवर बर्फाची भाषा हा श्रमिकांच्या मुलांचा उपहासच ठरेल. कार्यकर्त्यांनी ही मागणी प्रभागाप्रभागांत नेली पाहिजे.