निकाल आधी, सुनावणी मागून

ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथाने (१९३१) मराठी कथालेखकास तंत्राची जाणीव दिली, हे ऋण आम्ही मान्य करतो. परंतु आम्ही परप्रांतस्थ अधिकारी-लेखक त्या तंत्राचा अतिरेक करतो. शेवट आधी ठरवायचा आणि पात्रांना तिकडे हाकीत न्यायचे, ही कथा नव्हे. निकाल लिहून ठेवून मग घेतलेली सुनावणी होय. दौऱ्याचा कार्यक्रम आखल्याविना कोणी निघत नाही, हे खरे. पण वाटेतील पूल वाहून गेलेला दिसताच शहाणा अधिकारी मार्ग बदलतोच ना? आराखडा अवश्य करावा. मात्र पात्र ‘मी असा वागणार नाही’ म्हणाले, तर खोडावयाचा तो आराखडा. पात्राचा जबाब नव्हे.