आधी शिकागो, मग आपलं घर

गाणाऱ्या मंडळींवर अंक काढायचा म्हटल्यावर पहिली आठवण झाली ती फिस्क ज्युबिली सिंगर्सची. अमेरिकेतल्या नॅशव्हिलची फिस्क ही कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था १८७१मध्ये कर्जात बुडत होती. खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थी गायक घेऊन निधी जमवायला बाहेर पडले. त्यातले बहुतेक गुलामीत जन्मलेले. त्याच आठवड्यात शिकागोत आगीने हाहाकार माजवला. सुरुवातीच्या एका मैफलीत जेमतेम पन्नास डॉलर जमले, तेही पुरते नाहीत. पोरांनी ते सगळे आगग्रस्तांना देऊन टाकले. बरोबर खजिनदार असूनही! आपल्याकडे वर्गणीतून आधी साउंड सिस्टिम येते, उरलंसुरलं पूरग्रस्तांना.

सुरुवातीला ही मंडळी गोऱ्या श्रोत्यांच्या आवडीची गाणी म्हणत. लोकांना भिडली ती मात्र त्यांच्या आईबापांची भक्तिगीतं, जी चारचौघांत म्हणायला त्यांनाच संकोच वाटे. हॉटेलं खोली नाकारत, तरी दौरा थांबला नाही. १८७३मध्ये ते व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. या दौऱ्यांच्या कमाईतून फिस्कचा ज्युबिली हॉल उभा राहिला.

अंकातल्या गायकवृंदांना आम्ही रागदारीबरोबर जमाखर्चही विचारला आहे. उत्तरं मोकळी मिळाली.