मार्च-आउटच्या यादीत नसलेलं झाड

दिल्लीत द्वारकेला घर मिळालं असं कळवलं, तेव्हा साताऱ्याच्या आमच्या आत्यानं फोनवरच नमस्कार केला आणि येताना समुद्राचं पाणी बाटलीत भरून आण म्हणाली. तिला समजावता समजावता दोन दिवस गेले. ही द्वारका कृष्णाची नाही. पालम विमानतळाच्या पलीकडे डी.डी.ए.नं आखलेलं हे उपनगर. जुनं नाव पप्पनकलाँ. इथे समुद्र तर सोडाच, नळाचं पाणीही वेळ बघून येतं आणि बोअरचं पाणी चाखलं तर मात्र समुद्राची आठवण येते.

छावणीत घरांची प्रतीक्षायादी लांबलचक असल्यामुळे आमच्यासारख्या बऱ्याच जणांना सरकार अशा सोसायट्यांमधून भाड्याची घरं घेऊन देतं. अडीच वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा लग्नानंतरचं हे आमचं अकरावं घर होतं. बायकोनं ट्रंका उघडल्या, काळ्या रंगानं लिहिलेली नावं भिंतीकडे फिरवली आणि नवव्या घरापासून सोबत असलेली कढीपत्त्याची कुंडी बाल्कनीत ठेवली.

डिसेंबरच्या शेवटी त्या कढीपत्त्यानं पानं टाकायला सुरुवात केली. मी रोज पाणी घालू लागलो. पानं गळतच राहिली. मी आणखी पाणी घातलं. जानेवारीत नुसत्या काड्या उरल्या आणि फेब्रुवारीत त्या मोडून बघितल्या तर आतून तपकिरी.

ती कुंडी रिकामी करायला मी सोसायटीच्या मागच्या भिंतीकडे गेलो आणि तिथल्या मंडळींच्या तावडीत सापडलो.

भिंतीलगत दहा-बारा फूट रुंदीची मातीची पट्टी होती. तिच्या कडेला प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि एक मोडकं बाक. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला आणि थंडीत अकराच्या उन्हात तिथे बैठक भरायची. निवृत्त सुभेदार साहेब, गाव इथून जवळच नजफगढच्या बाजूला. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या मेजर मॅडम, मूळच्या केरळच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बंगाली दीदी. आणि गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहायला आलेल्या सांगलीच्या काकू. सोसायटीचा माळी खुर्चीवर कधी बसायचा नाही, पण शेवटचा शब्द त्याचाच असायचा.

माझी कुंडी बघून काकू म्हणाल्या, "अरे, बुडवून मारलंस की त्याला!"

दिल्लीच्या थंडीत कढीपत्ता झोपतो. पानं टाकतो आणि मार्चच्या आसपास नवी पालवी धरतो. त्या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवायचं असतं. हे त्या पट्टीवर सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या घरापासून जेमतेम साठ पावलांवर. मी मात्र दोन महिने इमानेइतबारे मुळं कुजवत होतो.

त्या दिवसापासून सुट्टीच्या सकाळी मी तिथे जाऊ लागलो. सुरुवातीला खरं सांगायचं तर जरा संकोचानंच. वर्दीतल्या माणसाला अशा गप्पा म्हणजे रिकामटेकडेपणा वाटतो. वीस-बावीस वर्षं ज्या बैठकांना अजेंडा असतो आणि शेवटी मिनिट्स निघतात, तशाच बैठकांची सवय. इथे दीदी मोहरीच्या पेंडीवर बोलायला लागायच्या आणि त्यातून गोष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या गुडघ्यावर जायची. पेंडीचं सांगायचं तर आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड, इकडे मोहरीची. ती आठवडाभर भिजवून, पातळ करून कुंड्यांना घालतात. सेवंती आणि डेलियाला उत्तम, पण वास असा की पहिल्यांदा मी ड्रेनेज फुटलं म्हणून तक्रार करायला निघालो होतो.

पण हळूहळू लक्षात आलं की इथे जे बोललं जातं ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. एक उदाहरण सांगतो. दिल्लीच्या या नैर्ऋत्य भागात जमिनीतलं पाणी खारट. म्हणून घराघरात आर.ओ. मशीन, आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून सगळे सुशिक्षित लोक ते बादलीत साठवून झाडांना घालतात. मीही घालत होतो, वर स्वतःला शाबासकी देत होतो. मेजर मॅडमनी एक दिवस माझ्या कुंडीच्या कडेचा पांढरा थर नखानं खरवडून मला दाखवला. मशीन गोडं पाणी तुम्हाला देतं, म्हणजे सगळे क्षार त्या उरलेल्या पाण्यात जातात. ते फरशी पुसायला ठीक. मोगऱ्याला आणि अनंताला ते विष. पानांची टोकं करपतात ती उन्हानं नव्हे.

सुभेदार साहेबांना तर जमीनच पाठ. जिथे आमचा जनरेटर आहे तिथे त्यांच्या लहानपणी बाजरी असायची, रब्बीला मोहरी. कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठे बांधकामाचा राडारोडा पुरलाय, हे ते बुटाच्या टोकानं दाखवायचे. मला ते "साब" म्हणायचे आणि मी त्यांना "सुभेदार साहेब". निवृत्तीनंतरही ही सवय दोन्हीकडून सुटत नाही. पण खुरपं हातात आलं की हुकूम त्यांचा चालायचा.

त्याच बैठकीत मला पट्टीतल्या झाडांची वंशावळ कळली. शेवगा एका तमिळ हवालदाराच्या कुटुंबानं लावला, ते आता दुसऱ्याच कुठल्या स्टेशनला आहेत. लिंबू दीदींच्या यजमानांनी, ते आता नाहीत. आणि ज्या कढीपत्त्याची पानं आमच्या घरात रोज फोडणीला पडायला लागली होती, तो आठ वर्षांपूर्वी याच सोसायटीत भाड्यानं राहून गेलेल्या एका मराठी अधिकाऱ्याच्या पत्नीनं लावलेला. दीदींना तिचं नाव आठवत नव्हतं. "वो पूरन पोली वाली," एवढंच.

मी अकरा घरं बदलली. प्रत्येक घरात शिरताना मार्च-इन आणि सोडताना मार्च-आउट. एम.ई.एस.चा माणूस यादी घेऊन येतो. पंखे किती, ट्यूबलाइट किती, पडद्याचे रॉड किती, खुर्च्यांवरचे नंबर जुळतात का. बाथरूमच्या आरशाचा कोपरा उडाला म्हणून मी पैसे भरलेले आहेत. पण अंगणातल्या जांभळाबद्दल कुणी कधी एक ओळ विचारली नाही. कुणी लावलं, कधी फळतं, मुळं नळाच्या पाइपकडे चालली आहेत का. यादीत नाही म्हणजे ते नाहीच. आणि यादीत नसलेली गोष्ट तोडणं फार सोपं असतं.

हे मी दुसऱ्यांना उद्देशून म्हणत नाही. मेजर असताना एका स्टेशनवर मोठ्या साहेबांच्या भेटीची तयारी माझ्याकडे होती. त्यांच्या मार्गावर, जवानांच्या लंगरजवळ, मेथी आणि भेंडीचे वाफे होते. ते मला अव्यवस्थित दिसले. मी ते साफ करवले आणि रात्रीतून झेंडूच्या सत्तर कुंड्या आणून कुंडीसकट जमिनीत पुरल्या, वर माती ओढली, कडेला विटा उभ्या करून गेरू-चुना. सकाळी बाग तयार. भेट झाली, शाबासकी मिळाली, संध्याकाळी कुंड्या उपसून नर्सरीला परत. तिथला म्हातारा माळी फक्त एवढंच म्हणाला होता, "साहब, मेथी दो दिन में कटने वाली थी।" तेव्हा मी ते ऐकलं नव्हतं. द्वारकेच्या त्या मोडक्या बाकावर बसून ते मला नीट ऐकू आलं.

आपल्या फौजेला हे कळत नाही असंही नाही. 1982 साली मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले डोंगर पुन्हा हिरवे करायला प्रादेशिक सेनेची पहिली इकॉलॉजिकल बटालियन उभी केली, 127 गढवाल रायफल्स. त्यात जवान घेतले ते त्याच मुलखातले माजी सैनिक. इथे दिल्लीतही भाटी खाणींच्या उजाड जमिनीवर 132 राजपूत बटालियननं तेच काम केलं. झाड जगवायचं तर तिथे राहणारा माणूस लागतो, हे ज्यानं ही योजना आखली त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आपण बाकीचे, दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधणारे? आपण कुंडीतच लावतो. सोबत नेता येईल असं.

लडाखमध्ये मात्र मी वेगळं बघितलं होतं. लेहच्या डी.आर.डी.ओ. प्रयोगशाळेनं तिथल्या थंडीत भाजी पिकवण्यावर खूप काम केलंय. जमिनीत चर खणून वर प्लास्टिक ताणलेली ती हरितगृहं अनेकांनी पाहिली असतील. आमची चौकी त्याहूनही वर. तिथे बंकरच्या काचेपाशी तुपाच्या रिकाम्या टिनात कोथिंबीर होती. आधीच्या युनिटनं आम्हाला चौकी ताब्यात देताना दारूगोळा, रेडिओ, रॉकेल मोजून दिलं आणि शेवटी त्यांच्या एका नाईकनं आमच्या एका शिपायाला बाजूला घेऊन टिन दाखवला. रात्री बुखारीपासून किती लांब, दिवसा कुठल्या काचेत, पाणी किती चमचे. आम्ही उतरलो तेव्हा आमच्या शिपायानं तो तसाच पुढच्यांना दिला. हे हँडिंग-ओव्हर कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि तरी चुकलं नाही.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेपुढे प्रस्ताव आला. मागची पट्टी काढून टाइल्स, 11 गाड्यांचं पार्किंग. प्रस्ताव मांडणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. द्वारकेत गाडी लावण्यावरून मारामाऱ्या होतात, मी स्वतः दोन सोडवल्यात. पण एक सभासद हसत म्हणाले, "वहाँ है ही क्या? चार लोगों का टाइमपास।" मी भाडेकरू. मला मत नाही आणि बोलायचा हक्कही नाही, म्हणून मी मागे उभा राहून ऐकत होतो.

मेजर मॅडम उठल्या. त्यांनी भावना वगैरे काही काढल्या नाहीत. 1994 चा दिल्लीचा वृक्षसंरक्षण कायदा सांगितला. जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर खोडाचा व्यास 5 सेंटिमीटर आणि उंची एक मीटर असेल, तर कायद्यानं ते झाड. तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. मग पिशवीतून शिवणकामाची टेप काढून म्हणाल्या, चला, मोजू या. निम्मी सभा भिंतीपाशी गेली. कढीपत्त्याच्या खोडाचा घेर 21 सेंटिमीटर भरला. सुभेदार साहेबांनी ताबडतोब जमिनीवर काडीनं भागाकार करून दाखवला: व्यास साडेसहाच्या वर. मग एकेका झाडापाशी थांबून दीदींनी ते कुणी लावलं ते सांगितलं. कायद्यानं काम झालं हे खरं, पण लोक गप्प झाले ते दीदींची यादी ऐकताना, असं माझं मत.

पूर्ण विजय झाला नाही. सहा गाड्यांची जागा गेली. काकूंचं अळू आणि मोगऱ्याचा वाफा त्यात गेला. काकू आठवडाभर खाली उतरल्या नाहीत. शेवगा, लिंबू, कढीपत्ता राहिले. टाइल बसवणाऱ्यांनी खोडाभोवती जेमतेम वीतभर माती सोडली होती. झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको, असा हरित लवादाचा 2013 चा आदेश मॅडमनी मोबाइलवर काढून दाखवला आणि टाइल्स पुन्हा उखडायला लावल्या. बाक आता लिंबाखाली आहे. एक खुर्ची कमी झाली, कारण सुभेदार साहेब नोव्हेंबरच्या धुरात छाती भरल्यामुळे मुलाकडे गावी गेले आहेत. जाताना त्यांनी त्यांचं खुरपं माझ्या हातात दिलं, "साब, ये यहीं रखना" म्हणून.

वाचणाऱ्यांत जे अजून नोकरीत आहेत त्यांना मी एवढंच सुचवीन, की मार्च-आउटच्या यादीला स्वतःचं एक पान जोडा. एम.ई.एस. मागणार नाही. तरी जोडा. आणि जे माझ्याआधी निवृत्त होऊन पुण्यात, कोल्हापुरात, साताऱ्यात स्थिरावलेत, त्यांच्या इमारतीत कुणी पोस्टिंगवर आलेलं कुटुंब असेल तर त्यांना खाली बोलवा. ते आपणहून येत नाहीत. मीही मेलेली कुंडी हातात घेऊनच गेलो होतो.

माझी मूव्ह ऑर्डर मागच्या आठवड्यात आली. ट्रंका खाली उतरल्यात. कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेली दोन पिल्लं माळ्यानं काढून दिली. एक सोबत घेतोय, दुसरं गेटच्या डावीकडे जमिनीत लावलंय. नव्यानं येणारे कॅप्टन तरुण आहेत, लग्न नुकतंच झालंय. स्वयंपाकघराच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मी त्यांच्यासाठी कागद चिकटवलाय. डावा नळ बोअरचा, उजवा जल बोर्डाचा. आर.ओ.चं पाणी झाडांना नको. खुरपं माळ्याकडे आहे, सुभेदार साहेब परत आले की त्यांचं. दीदींकडे चहाला गेल्याशिवाय सुटका नाही. गेटजवळचा कढीपत्ता डिसेंबरात पानं टाकेल. पाणी घालू नका, तो मेलेला नाही.