खाडीच्या अभ्यासकांना पाठबळ मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती,
पालघर

विषय : प्रदूषणाचा अभ्यास करताना दबावाखाली येणाऱ्या स्थानिक अभ्यासकांना अभ्यासवृत्ती, प्रशिक्षण व संस्थांची साथ मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही दांडी, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी आणि मुरबे येथील मच्छीमार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी आहोत. खाडीच्या पाण्याबद्दलचे अर्ज आपल्या कार्यालयाला नवे नाहीत. हे निवेदन मात्र ते पाणी तपासू पाहणाऱ्या आमच्या मुलामुलींबद्दल आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये दाखल केलेल्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२२ मध्ये शंभरावर कारखाने आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांच्यावर नुकसानभरपाई बसवली. म्हणजे प्रदूषण आहे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. रोजची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न उरला आहे. निर्देशांक काही वर्षांनी एकदा निघतो, खाडीचे पाणी दिवसातून दोनदा बदलते.

ही नोंद घरबसल्या होत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो, नाहीतर रसायन घालून तेथेच स्थिर करावा लागतो. जैविक प्राणवायू मागणीचा नमुना बर्फात ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. बर्फ आमच्याकडे भरपूर आहे, बाकी काही नाही. त्यातही १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे खटल्यात चालणारा नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने घेऊन, सीलबंद करून मान्य प्रयोगशाळेकडे पाठवलेला असावा लागतो. गावकऱ्याने भरलेली बाटली तेथे पुरावा ठरत नाही. पण अधिकाऱ्याने कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी यावे, हे तीच बाटली सांगू शकते. आज अधिकारी पोहोचेपर्यंत ओहोटी पाणी घेऊन गेलेली असते.

आता धोक्याविषयी. आमच्या बहुतेक घरांतले कुणी ना कुणी औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला आहे. मासळी कमी झाली तशी ही संख्या वाढली. मुलगा बाटल्या घेऊन खाडीत उतरला की संध्याकाळी वडिलांना निरोप येतो. धमकी कुणी लेखी देत नाही. ‘पोराला जरा समजवा’, एवढे पुरते. मग प्रकल्पाचा विषय बदलतो, पदव्युत्तर पदवी दुसऱ्याच कशावर तरी होते आणि खाडीची वही तिसऱ्या महिन्यात थांबते. याची फिर्याद कोणत्या कलमाखाली द्यायची?

धोका इतक्यावरच थांबतो असेही नाही. माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे खून झाला. रिफायनरीविषयी लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये वाहनाच्या धडकेत गेले आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा तरी आहे. जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये होऊनही अंमलात आलेला नाही. नमुने गोळा करणारी विद्यार्थिनी या दोन्हींत कुठेच बसत नाही.

संकटातल्या अभ्यासकांना हात देण्याची रीत जगात जुनी आहे. १९३३ मध्ये जर्मनीतून हाकललेल्या प्राध्यापकांसाठी ब्रिटनमध्ये मदत परिषद उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष रदरफोर्ड होते. जर्मनीचे हुंबोल्ट प्रतिष्ठान २०१५ पासून अशाच कामासाठी स्वतंत्र योजना चालवते. पण या योजना मुख्यतः अभ्यासकाला धोक्याच्या जागेवरून हलवतात. आमच्या मुलीला दांडीतून हलवले की तिचा अभ्यासच संपला, कारण तिचा विषय ही खाडी आहे. म्हणून मदत किनाऱ्यावर यायला हवी.

एकट्या अभ्यासकाचे काय होते, हे जपानमधल्या मिनामाताने दाखवले आहे. चिस्सो कंपनीच्या रुग्णालयातले डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले. १९५९ च्या ऑक्टोबरात ते मांजर तिथल्या मच्छीमारांसारखेच आजारी पडले. कंपनीने प्रयोग थांबवला, निष्कर्ष दाबला, आणि डॉक्टरांची साक्ष झाली ती १९७० मध्ये, ते मरणशय्येवर असताना. निष्कर्ष तेव्हाच चार संस्थांच्या हाती असता तर दाबणे इतके सोपे नव्हते.

आमच्या सर्व मागण्यांचे मूळ येथे आहे : कोणत्याही अहवालावर एकट्याचे नाव असू नये. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, मुंबई विद्यापीठ आणि राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग यांना आपण एकत्र बोलवावे आणि खाडी-नोंदींचा एक संयुक्त गट नेमावा. नोंद गावातला विद्यार्थी करेल, सही गटाची असेल आणि प्रत त्याच दिवशी सर्व संस्थांकडे जाईल. वही एका घरात नसली की त्या घरावर दबाव आणून उपयोग नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. जिल्हा नियोजनातील नावीन्यपूर्ण योजनेतून १० स्थानिक अभ्यासकांना दोन वर्षे दरमहा १२,००० रुपये अभ्यासवृत्ती द्यावी. ठेकेदाराची मजुरी बुडाली तरी घर चालेल, एवढाच तिचा हेतू आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून हे काम करू नये. ज्याचे सांडपाणी मोजायचे त्याच्याच पैशाने वही विकत घेणे आम्हाला पटत नाही. लवादाने बसवलेल्या भरपाईतून यासाठी वाटा मिळवता येत असेल, तर तसा प्रस्ताव जरूर पाठवावा.

प्रशिक्षण १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात घ्यावे, कारण तेव्हाच होड्या आणि माणसे किनाऱ्यावर असतात. त्यात नमुना घेणे, वेळ-ठिकाणासह छायाचित्र काढणे आणि नोंदवही ठेवणे यांबरोबरच कायदेशीर नोटिशीला उत्तर कसे द्यावे, हेही शिकवावे. शिकवणाऱ्यांत निवट्या, कालवे, चिंबोऱ्या वेचणाऱ्या बायका आणि डोल जाळी लावणारे जुने खलाशी असावेत, आणि त्यांना प्राध्यापकांसारखेच मानधन असावे. पूर्वी कुठे काय मिळत होते, हे त्यांच्याइतके नेमके कुणाला ठाऊक नाही. सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केले. त्याच्या पाण्याची खबर ठेवणाऱ्यांची विचारपूसही आता व्हावी.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूर कार्यालयाने गटाकडून सूचना येताच अधिकारी पाठवावा आणि पोहोचल्याची वेळ लेखी द्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या अभ्यासकांसाठी वकिलांची यादी करावी. दबावाची तोंडी तक्रारही नोंदवून घेणारा, तहसीलदारापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक संपर्क अधिकारी आपल्या कार्यालयात असावा.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीपूर्वी वरील संस्थांसह आमची बैठक दांडी येथेच लावावी आणि तिची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
दांडी परिसरातील मच्छीमार, शिक्षक व विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी :
मा. पोलीस अधीक्षक, पालघर
मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण